बॅलन्स ट्रान्सफर : सगळे पैसे परत मिळूनही तोटा कसा होतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या अर्थविषयक पानावर क्रेडिट कार्डाच्या बॅलन्स ट्रान्सफरवर, म्हणजे एका कंपनीच्या कार्डावरची थकबाकी दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर हलवण्यावर, लेख आला होता तो वाचला. ग्राहकाने काय करावं ते त्यात ठीकच सांगितलंय, फी बघा, झिरो टक्क्याची मुदत कधी संपते ते लिहून ठेवा, एकही हप्ता चुकवू नका वगैरे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शेवटी शेवटी एक वाक्य येऊन गेलंय की यात जुन्या कंपनीचा सरळ तोटा होतो आणि नव्या कंपनीला आयता धंदा मिळतो, ते काही पटलं नाही म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षं कार्डाच्या धंद्यात हिशोबाच्या बाजूला काम केलंय आणि ट्रान्सफर होऊन गेलेल्या खात्यांचं पुढे काय होतं ते बघणं हेच तेव्हा माझं काम होतं. पत्र जरा लांबलंय, छापताना हवं तर कापा, फक्त आकडे कापू नका.

आधी साधी गोष्ट. समजा एखाद्याच्या कार्डावर १ लाख थकलेत, वर्षाचं व्याज २४ टक्के आहे. आता दुसऱ्या कंपनीने म्हटलं आण इकडे, १८ महिने झिरो टक्के. तर होतं काय, की नवी कंपनी जुन्या कंपनीला पूर्ण १ लाख भरते, एक दमडी कमी नाही, आणि तेसुद्धा एकदम. म्हणजे विनातारण दिलेलं कर्ज, ज्यातले काही टक्के दरवर्षी बुडतातच, ते जुन्या कंपनीला शंभर टक्के वसूल होऊन मिळालं, वसुलीचा फोन नाही, तगादा नाही, सेटलमेंट नाही. याला सरळ तोटा कसं म्हणायचं? गेलं ते पुढचं व्याज. महिन्याचे साधारण २,००० यायचे ते बंद झाले. पण ते २,००० काही सगळे नफ्याचे नव्हते हे लोक विसरतात. ती रक्कम कंपनीने पण कुठून तरी उसनीच आणलेली असते, ठेवीतून नाहीतर बाँड विकून, तिचा खर्च ६ टक्के धरला तर ५०० तिकडे गेले, बुडीत कर्जासाठी बाजूला ठेवायचे ४०० म्हणा, मग कॉल सेंटर, स्टेटमेंट, फ्रॉड, कर्मचारी. हातात राहणार ते ८००-९०० किंवा त्याहून कमी. हे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, पण प्रमाण साधारण असंच निघतं.

मग जुन्या कंपनीला काहीच लागत नाही का, तर लागतं, पण वेगळ्याच ठिकाणी लागतं. एक म्हणजे ग्राहक मिळवायला केलेला खर्च. कार्ड घ्यायला लावण्यासाठी जाहिरात, एजंटचं कमिशन, सुरुवातीचे बोनस पॉइंट, पहिल्या वर्षाची माफ केलेली फी, हे सगळं आधीच होऊन गेलेलं असतं आणि ते वसूल व्हायला दोन-तीन वर्षं तो माणूस टिकावा लागतो, तो थकबाकी ठेवायला लागतो न लागतो तोच उठून गेला तर तो खर्च अंगावर पडला. हा लागतोच, पण माझ्या मते हा मुख्य नाही.

मुख्य आहे तो हा की कोण गेलं. नवी कंपनी काही सगळ्यांना उचलत नाही ना, ती क्रेडिट स्कोअर बघते, हप्ते वेळेवर भरतो का बघते, आणि त्यातल्या चांगल्यांनाच हो म्हणते. म्हणजे जुन्या कंपनीकडून जातो तो व्याज भरणारा पण कधीही न चुकणारा माणूस, ज्याच्यावर हा सगळा धंदा उभा असतो. मागे राहतात ते एक तर दर महिन्याला पूर्ण बिल भरणारे, ज्यांच्याकडून व्याज येतच नाही, आणि दुसरे ज्यांना कुठलीच कंपनी घेत नाही. हिशोब करून बघा, १०० कोटींची थकबाकी आहे आणि त्यातले ५ कोटी बुडीत जाणार आहेत, म्हणजे ५ टक्के. आता त्यातून चांगल्या लोकांचे २० कोटी दुसरीकडे गेले. बुडणारे ५ कोटी तिथेच आहेत पण एकूण राहिले ८०, म्हणजे टक्का झाला ६.२५. एकही नवीन माणूस बुडवायला लागलेला नाही, कोणाचं काही बिघडलेलं नाही, तरी कंपनीचा बुडीत कर्जाचा आकडा तिमाही निकालात वाईट दिसतो, शेअर बाजारवाले विचारतात की काय झालं, रेटिंगवाले विचारतात, आणि पुढचं भांडवल उभं करताना ते महाग पडतं. ट्रान्सफरचा खरा मार इथे बसतो, आणि तो एकेक खातं बघून कळतच नाही, सगळं पोर्टफोलिओ एकदम बघावं लागतं.

उलट पण होतं. कधी कधी जाणारा माणूस बुडायच्या बेतात असतो, तीन-चार कार्डांची लिमिट संपलीय, नुसतं मिनिमम पेमेंट चाललंय, आणि कुठल्यातरी नव्या, वाढीच्या मागे लागलेल्या कंपनीने त्याला उचललं, तर जुन्या कंपनीत लोक अक्षरशः खूष होतात, उघड बोलत नाहीत इतकंच. ही संगीत खुर्ची आहे, गाणं थांबेल तेव्हा ज्याच्या बॅलन्स शीटवर ते खातं असेल त्याला ते राइट ऑफ करावं लागतं, म्हणजे बुडालं असं धरून हिशोबातून काढावं लागतं. त्यामुळे ट्रान्सफर झाला की जुन्याचं नुकसान हे वाक्य अर्धंच खरं आहे, कोण गेलं ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

अजून एक गोष्ट तुमच्या लेखात नव्हती. जुनं खातं बंद होत नाही! थकबाकी शून्य होते, लिमिट तशीच राहते. ग्राहकाला वाटतं सुटलो, कंपनीला वाटतं अजून आपलाच आहे, आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. ही जी न वापरलेली लिमिट आहे ती कंपनीसाठी फुकट नसते, तो माणूस उद्या अडचणीत आला तर त्याच दिवशी सगळी लिमिट काढून घेऊ शकतो, म्हणून नव्या अकाउंटिंग नियमांप्रमाणे न वापरलेल्या लिमिटवर पण संभाव्य तोट्याची तरतूद करावी लागते. म्हणजे व्याज शून्य आणि जोखीम चालू. आणि बरेच लोक करतात पण तेच, सहा-आठ महिन्यांनी जुन्या कार्डावर परत खरेदी सुरू होते, तेव्हा जुन्या कंपनीला दुकानदाराकडून येणारं इंटरचेंज, म्हणजे प्रत्येक खरेदीमागचा वाटा, परत मिळायला लागतं आणि हळूहळू थकबाकीसुद्धा, आणि आता त्या माणसाच्या नावावर दोन कंपन्यांचं कर्ज आहे. ट्रान्सफरने गेलेला ग्राहक असा आपोआप परत येतो म्हणून तर जुन्या कंपन्या घाईने खातं बंद करत नाहीत.

एक छोटी गंमत पण सांगतो, म्हणजे ग्राहकाला गंमत वाटणार नाही. स्टेटमेंट निघाल्यापासून नव्या कंपनीचे पैसे पोचेपर्यंत जे दिवस जातात त्याचं व्याज जुन्या कार्डावर लागतच राहतं. ट्रान्सफर झाला, बॅलन्स शून्य दिसला, आणि पुढच्या महिन्यात बारीकसं बिल येतं, ते कोणी उघडून बघत नाही, मग त्यावर लेट फी, मग स्कोअरला धक्का. जुन्या कंपनीला यातून काही फार मिळत नाही पण वाद मात्र भरपूर मिळतात, कॉल सेंटरला विचारा.

आणि जाणाऱ्याला थांबवायचं एक वेगळं डिपार्टमेंटच असतं. तुम्ही फोन करून म्हणालात की मी थकबाकी दुसरीकडे नेतोय तर ते रेट कमी करून देतात, कधी काही महिने झिरोसुद्धा. हा खर्च बघायला गेलं तर ट्रान्सफरपेक्षा मोठा असू शकतो, कारण जे खरंच जाणार होते त्यांच्याबरोबर जे नुसती धमकी देत होते त्यांनाही तो रेट द्यावा लागतो. म्हणजे प्रत्यक्षात गेलेल्या बॅलन्सपेक्षा न गेलेल्या बॅलन्सवर कंपनी जास्त गमावू शकते, आणि हे कुठल्याही ट्रान्सफरच्या आकडेवारीत दिसत नाही.

आता नव्या कंपनीकडे येऊ. आयता धंदा मिळतो म्हणे. पहिल्या दिवशी तिच्या खिशातून १ लाख रोख गेले. दुकानदार नाही त्यामुळे इंटरचेंज नाही, व्हिसासारखी नेटवर्क कंपनी स्वतःच्या आकडेवारीत बॅलन्स ट्रान्सफर खरेदीत धरतच नाही, कॅश व्हॉल्यूममध्ये टाकते. व्याज शून्य. मिळाली काय तर ट्रान्सफर फी, जी अमेरिकेत साधारण ३ ते ५ टक्के असते, ३ धरली तर ३,०००. आता ग्राहक शिस्तीचा निघाला आणि त्याने १८ महिन्यांत समान हप्त्यांनी सगळं फेडलं तर सरासरी थकबाकी ५३,००० च्या आसपास राहिली, ६ टक्क्यांनी दीड वर्षाचा पैशाचा खर्च झाला ४,७०० पेक्षा थोडा जास्त. फी ३,०००. म्हणजे तुमच्या लेखाने सांगितलेला आदर्श ग्राहक, सगळं वेळेत फेडणारा, मुदत संपायच्या आत शून्यावर येणारा, तो नव्या कंपनीला साधारण १,७०० चा खड्डा पाडून जातो, त्यात जाहिरात आणि कार्ड पाठवण्याचा खर्च धरलेलाच नाही.

दुसरा ग्राहक बघा, जो महिन्याला थकबाकीच्या २ टक्के एवढंच मिनिमम भरतो. १८ महिन्यांनी त्याचे ७०,००० च्या जवळपास शिल्लक असतात. तोपर्यंत कंपनीचा फी वजा जाऊन साडेचार हजारांचा खर्च झालाय, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्तच. पण त्या दिवसापासून ७०,००० वर २४ टक्के सुरू होतात, महिन्याला १,४००, त्यातून पैशाचा खर्च ३५० वजा केला तरी चार-पाच महिन्यांत सगळी कसर भरून निघते आणि नंतर निव्वळ कमाई, जोपर्यंत तो बुडत नाही किंवा परत तिसरीकडे उडी मारत नाही तोपर्यंत. तेव्हा नवी कंपनी १ लाखाचं कर्ज विकत घेत नाहीये, ती एक अंदाज विकत घेतेय की दर दहा जणांतले किती जण मुदत संपल्यावर पण थकबाकी घेऊन आपल्याकडेच बसतील. तो अंदाज बरोबर आला तर सोनं, चुकला तर त्यासारखा महाग धंदा नाही.

आणि चुकल्याची उदाहरणं आहेत, मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत १९९० पर्यंत जवळपास सगळ्या बँका कार्डावर एकच व्याज लावायच्या, १९.८ टक्के, सगळ्यांना एकच माप. रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस या दोघा कन्सल्टंटनी व्हर्जिनियातल्या सिग्नेट बँकेला पटवलं की वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या ऑफर देऊन आधी चाचणी घ्या, आणि त्यातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कमी टीझर रेटवर, म्हणजे सुरुवातीपुरत्या कमी व्याजावर, दुसऱ्याची थकबाकी उचलायची कल्पना जोरात चालली. जो माणूस हळूहळू फेडतो पण फेडतो नक्की, तोच थकबाकी हलवायचे कष्ट घेतो, हे त्यांनी हेरलं होतं. तो कार्डाचा धंदा पुढे वेगळा होऊन १९९४-९५ मध्ये कॅपिटल वन झाली. हे जमलेलं उदाहरण. मग सगळेच तेच करायला लागले आणि तिथे गणित फिरलं, कारण पहिला माणूस ऑफर देतो तेव्हा येणारे ग्राहक आणि शंभरावा देतो तेव्हा येणारे ग्राहक सारखे नसतात.

फर्स्ट यूएसए नावाची कार्ड कंपनी होती, अमेरिकेतल्या बँक वनची, टीझर रेटवर प्रचंड वाढली. टीझर संपले, रेट वर गेले, उशीर झाला की दंड कडक केले, आणि ज्या वाटेने लोक आले होते त्याच वाटेने निघून गेले. १९९९ च्या ऑगस्टमध्ये बँक वनला जाहीर करावं लागलं की नफा अपेक्षेपेक्षा कमी येणार, शेअर कोसळला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बँकेचे प्रमुख जॉन मॅकॉय यांना जावं लागलं. रेटसाठी आलेला ग्राहक रेटसाठीच जातो, एवढं साधं होतं, पण त्यासाठी एवढ्या मोठ्या बँकेला एवढी मोठी किंमत द्यावी लागली. नेक्स्टकार्ड या तिथल्याच दुसऱ्या कार्ड कंपनीचं तर याहून वाईट. इंटरनेटवर अर्ज करा, तिथल्या तिथे मंजुरी, अर्ज करतानाच जुनी थकबाकी हलवा, त्या काळात हे सगळं एकदम नवलाईचं होतं. पण ऑनलाइन येऊन सगळ्यात उत्साहाने थकबाकी हलवणारे होते कोण, तर बरेचसे ज्यांना बाकीच्यांनी नाकारलं होतं ते. बुडीत कर्जातला काही भाग त्यांनी फ्रॉड म्हणून दाखवला, रेग्युलेटरने तो मान्य केला नाही, आणि २००२ च्या फेब्रुवारीत त्यांची बँक सरकारने बंद केली. हे झालं तेव्हा ज्यांचे ग्राहक त्यांनी ओढले होते त्या जुन्या कंपन्यांना काही दुःख झालं असेल असं मला वाटत नाही.

लॉरेन्स ऑसुबेल या अर्थतज्ज्ञाने एका मोठ्या कार्ड कंपनीच्या पत्र पाठवून केलेल्या चाचण्यांचा डेटा तपासला होता, त्यात हेच दिसलं. ऑफर स्वीकारणारे लोक न स्वीकारणाऱ्यांपेक्षा जोखमीचे, आणि ऑफर जितकी कमी आकर्षक तितके तिला हो म्हणणारे अजून जोखमीचे. आणि दुसरं, लोक सुरुवातीच्या रेटकडे बघून भुलतात, तो किती महिने टिकणार आणि नंतर किती होणार याकडे तेवढं बघत नाहीत. कंपन्यांनी हे वाचलंय, तुम्ही जाहिरातीत झिरो केवढ्या अक्षरात असतो आणि बाकीचं केवढ्या अक्षरात ते बघा.

नियमांनी पण नव्या कंपनीचं गणित बदललं. पूर्वी एक युक्ती होती, आणि माझ्या मते निव्वळ लबाडी होती. ट्रान्सफर केलेली झिरोवाली थकबाकी आणि त्याच कार्डावर केलेली नवीन खरेदी, असे दोन भाग असायचे, आणि ग्राहक जे भरेल ते कंपनी आधी झिरोवाल्या भागात जमा करायची. म्हणजे स्वस्त कर्ज फिटतंय आणि महाग कर्ज तसंच व्याज खात बसलंय. ट्रान्सफर ऑफरचा बराचसा नफा यातून यायचा. अमेरिकेत २००९ चा कार्ड कायदा आला, त्यातली ही तरतूद २०१० च्या फेब्रुवारीपासून लागू झाली, मिनिममच्या वर भरलेली रक्कम आधी सगळ्यात जास्त व्याजाच्या भागात गेली पाहिजे, शिवाय टीझर किमान सहा महिने टिकला पाहिजे. भरलेली रक्कम आधी महाग भागात जमा करायचं ब्रिटनमध्येही २०११ पासून आलं. मग कंपन्यांनी काय केलं, तर फी वाढवली. पूर्वी फीला बऱ्याच ठिकाणी वरची मर्यादा असायची ती गेली. त्यामुळे आज फी जी जास्त वाटते ती एका बंद झालेल्या युक्तीची भरपाई आहे हे लक्षात घ्या, आणि मला विचाराल तर हे जास्त प्रामाणिक आहे, निदान ग्राहकाला आधी दिसतं तरी.

ब्रिटनमध्ये अजून एक जमात निघाली होती, झिरोवर पैसे उचलायचे, बचत खात्यात ठेवायचे, व्याज खायचं आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी परत. स्टूझिंग म्हणतात तिकडे. काहीजण तर एका झिरोवरून दुसऱ्या झिरोवर वर्षानुवर्षं फिरत राहिले. ट्रान्सफर फी रुजण्यामागे हे लोकही आहेत, आणि त्यांच्यामुळेच ऑफरबरोबर अटी येतात, खातं उघडल्यापासून साठ दिवसांत वगैरे ट्रान्सफर करा, आमच्याच एका कार्डावरून आमच्याच दुसऱ्या कार्डावर चालणार नाही, लिमिटच्या अमुक टक्क्यांपर्यंतच. आमच्याच कार्डावरून नाही ही अट तर बोलकी आहे, स्वतःचं २४ टक्क्याचं गिऱ्हाईक स्वतःच झिरोवर कोण आणेल.

आता थोडं माझ्या आवडीचं, म्हणजे हिशोबाचं, वाचक कंटाळतील पण नाइलाज आहे. झिरो टक्क्याच्या काळात कंपनी उत्पन्न काय दाखवते? तुम्हाला वाटेल शून्य. पण आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग नियमात इफेक्टिव्ह इंटरेस्ट रेट नावाची पद्धत आहे, त्यात कर्जाच्या अपेक्षित आयुष्यभराचं उत्पन्न सगळ्या काळावर पसरवायचं असतं. म्हणजे ग्राहक मुदत संपल्यावर २४ टक्के भरणार असा अंदाज धरून त्यातला काही भाग आजच, झिरोच्या काळातच, उत्पन्न म्हणून दाखवता येतो, जरी एक दमडी आलेली नसली तरी. हे बेकायदा नाही, नियमातच आहे. पण सगळं त्या अंदाजावर उभं आहे, आणि ग्राहक धरलेल्यापेक्षा लवकर फेडून मोकळे झाले तर आधी दाखवलेलं उत्पन्न परत काढावं लागतं, तेही एकदम. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये झिरोची मुदत वाढत वाढत ४० महिन्यांच्या वर गेली होती, आणि त्या वर्षी तिथल्या बँक ऑफ इंग्लंडच्या नियामक विभागाने कंपन्यांना याच मुद्द्यावर टोकलं होतं, की इतक्या लांबच्या वागण्याचे अंदाज धरून आज उत्पन्न दाखवताय ते नीट तपासा. साडेतीन वर्षांनी माणूस काय करेल हे त्याचं त्याला माहीत नसतं.

त्यात २०१८ पासून आयएफआरएस ९ हा नवा आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग नियम आला, कर्ज दिल्याच्या दिवशीच पुढच्या बारा महिन्यांत होऊ शकणाऱ्या तोट्याची तरतूद करायची. म्हणजे नवी कंपनी जेवढी जास्त ट्रान्सफर खेचेल तेवढा त्या तिमाहीचा नफा कमी, आणि जुन्या कंपनीची तरतूद मोकळी होऊन तिचा नफा तेवढ्यापुरता चांगला दिसतो! कागदावर हरणारी जिंकलेली आणि जिंकणारी हरलेली. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत ते उलटं होतं, पण तोपर्यंत कोणाचा बोनस ठरून पण गेलेला असतो.

ज्या कंपन्या आपली थकबाकी ट्रस्टमध्ये टाकून त्यावर बाँड विकतात त्यांच्याकडे अजून एक गुंता. तिथे दोन आकडे कायम बघितले जातात, महिन्याला किती टक्के थकबाकी परत येते आणि व्याजातून सगळे खर्च जाऊन वर किती उरतं. मोठ्या प्रमाणात ट्रान्सफर होऊन गेले तर पहिला आकडा चांगला दिसतो आणि दुसरा घसरायला लागतो, आणि हा दुसरा सलग तीन महिन्यांच्या सरासरीने शून्याच्या खाली गेला तर बाँडवाल्यांचे पैसे मुदतीआधी परत करायची वेळ येते. झिरोवाली खाती ट्रस्टमध्ये भरली तरी तोच प्रॉब्लेम, फक्त दुसऱ्या दारातून.

या सगळ्यात नक्की कमावतात कोण, तर ज्यांना कर्ज द्यावंच लागत नाही ते. क्रेडिट ब्युरो, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्था, ज्या अमेरिकेत थकबाकी आहे पण हप्ते वेळेवर आहेत अशा लोकांच्या याद्या कंपन्यांना विकतात, आणि कार्डांची तुलना करून देणाऱ्या वेबसाइट, ज्यांना प्रत्येक मंजूर कार्डामागे कमिशन मिळतं. अ कंपनीचा माणूस ब कडे गेला तरी त्यांना पैसे, ब चा परत अ कडे आला तरी पैसे. दोन्ही कार्ड कंपन्या मिळून बघितल्या तर ट्रान्सफरने एकूण कर्ज एका पैशानेही कमी होत नाही, फीइतकं वाढतंच, आणि दोघींचा मिळून नफा मात्र कमी होतो. मग बंद का करत नाहीत? कारण एकटीने बंद केलं तर ग्राहक जाणं थांबत नाही, फक्त येणं थांबतं. सगळ्या एकदम बंद करतात ते फक्त भीती वाटली की. २००८-०९ मध्ये केलं, २०२० मध्ये साथ आली तेव्हा केलं, काही आठवड्यांत ऑफर गायब, कारण कोणाची नोकरी टिकणार हे स्कोअरमध्ये दिसत नव्हतं आणि ज्याच्यावर आधीच थकबाकी आहे हे नक्की माहितीय त्यालाच अजून विनातारण द्यायचं हे ट्रान्सफरचं मूळ स्वरूप आहे. म्हणजे ज्या वेळी लोकांना व्याजातून सुटका सगळ्यात जास्त हवी असते नेमकी त्याच वेळी ती मिळत नाही, हेही तुमच्या लेखात यायला हवं होतं असं वाटतं.

आणि आता तर तिसराच आलाय. पर्सनल लोन देणाऱ्या ऑनलाइन कंपन्या, अमेरिकेत लेंडिंगक्लबने याच धंद्यावर नाव काढलं, कार्डाची थकबाकी फेडायला ठराविक हप्त्याचं कर्ज. त्यात गेलेली थकबाकी दुसऱ्या कार्ड कंपनीकडे जातच नाही, ती हप्त्याहप्त्याने संपते. कार्ड कंपन्या एकमेकींचे ग्राहक ओढतात ते एक वेळ ठीक, आज तुझा उद्या माझा, पण हे पैसे त्यांच्या वर्तुळातूनच बाहेर पडतात, तेव्हा माझ्या मते दोघींनाही जास्त चिंता याची असायला हवी.

तुमच्या बातमीदारांना एक विनंती. कार्ड कंपन्यांचे निकाल लागतात तेव्हा किती नवीन कार्डं वाटली आणि थकबाकी किती वाढली हे तुम्ही मथळ्यात छापता. त्याऐवजी त्यांच्या पत्रकार परिषदेत एकच विचारा, की झिरो किंवा कमी रेटची मुदत या तिमाहीत ज्यांची संपली त्यांच्या मूळ ट्रान्सफर रकमेतले किती टक्के अजून तुमच्याकडे आहेत, आणि त्यातले किती थकीत आहेत. हा आकडा प्रत्येक कंपनीत दर महिन्याला निघतो, मीच काढायचो, बाहेर मात्र कोणी सहसा सांगत नाही. मिळाला तर जरूर छापा, मथळ्यात नाही तर आतल्या पानावर का होईना.

कळावे,
आपला एक वाचक